कोलॅबोरेशन आणि विज्ञानप्रसार: छोट्या संशोधन गटाने तास आणायचे कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठातला छोटा गट: एक प्राध्यापक, चार पीएचडीचे विद्यार्थी, काम स्पेक्ट्रोस्कोपीचं, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवून त्यावरून पदार्थ तपासण्याचं. तीन ठिकाणी कोलॅबोरेशन चालू आहे. एका गटाला पाच महिन्यांपूर्वी मोजमापं पाठवली, तिकडून चकार शब्द नाही. दुसऱ्या गटाबरोबरचा पेपर होत आलाय, पण पहिलं नाव कोणाचं यावरून दोन विद्यार्थी एकमेकांशी धड बोलत नाहीत. तिसरं अजून बोलण्यापुरतंच आहे. त्यात विभागाने शाळांसाठी वर्षभर विज्ञानप्रसाराचे कार्यक्रम करायला सांगितलंय. मागच्या खुल्या दिवसाला, म्हणजे लॅब लोकांना बघायला उघडी ठेवली तेव्हा, गर्दी भरपूर झाली, तरी विद्यार्थी म्हणतात आठवडा वाया गेला. तर हे दोन्ही कसं सांभाळायचं, की यातलं एक सोडून द्यायचं?

मला इथे एकच अडचण दिसते, तिची दोन तोंडं आहेत. गटाने बाहेर कोणालाही शब्द दिला, मग तो दुसऱ्या लॅबला असो की शाळेला, तो पाळायला तेच चार विद्यार्थी लागतात. त्यांचे किती तास जाणार हे कोणी मोजलेलं नाही आणि शब्द नेमका काय दिला हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. माणसं चांगली असूनही कामं अडतात ती यामुळे. म्हणून एक सोडण्याची गरज मला वाटत नाही. दोन्हींना एकच शिस्त लावावी लागेल: तास मोजायचे, शब्द लिहायचा, आणि काम कधी थांबणार तेही आधीच ठरवायचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. सैद्धांतिक काम करणाऱ्या गटाला सॅम्पलची ये-जा नसते, त्यामुळे खाली सॅम्पलबद्दल जे लिहिलंय ते त्यांना लागू नाही. मोठ्या गटात एक माणूस वर्षभर फक्त शाळांचं बघू शकतो, पाच जणांच्या गटात ते शक्य नाही. पेटंटचे, अल्पवयीन मुलांच्या सुरक्षेचे आणि करारावर सही कोणी करायची याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात. ते आधी कार्यालयात विचारून घ्या. आणि शेवटच्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याला प्रबंध पुरा होईपर्यंत यातल्या कशालाही हात लावायला सांगू नका.

आता तास. तीस मुलांची एक भेट धरा. पहिल्यांदा करताना तिघांची प्रत्येकी आठ तास तयारी, म्हणजे २४. चौघांची दोन तासांची रंगीत तालीम, ८. प्रत्यक्ष दिवशी पाच जण प्रत्येकी चार तास, २०. आवराआवर आणि कागदपत्रं, दोघांचे दोन-दोन तास, ४. एकूण ५६. तोच कार्यक्रम, तेच साहित्य घेऊन पुन्हा केला की तालीम लागत नाही, तयारी सगळ्यांची मिळून चार तासांवर येते आणि बेरीज २८ होते. अर्धा खर्च! पाच जण, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ४६ आठवडे धरले तर गटाकडे ९२०० तास असतात. त्यातले पाच टक्के विज्ञानप्रसाराला दिले तर ४६० तास. त्यात दोन नवे कार्यक्रम (११२) आणि सहा पुनरावृत्त्या (१६८) सहज बसतात, वर शिक्षकांसाठी आणि साहित्याच्या दुरुस्तीसाठी १८० तास उरतात. तुमचे आकडे वेगळे येतील, हिशोब मात्र असाच मांडा. विभागाने ‘अजून एक कार्यक्रम करा’ म्हटलं की हा तक्ता समोर ठेवता येतो. तक्ता नसेल तर नुसती कुरकूर ऐकायला येते, आणि कुरकुरीवर कोणी निर्णय घेत नाही.

मागच्या खुल्या दिवशी तुमचा आठवडा वाया गेला त्याचं एक कारण यातच आहे. खुला दिवस दर वर्षी नवा मांडला जातो, म्हणजे दर वर्षी ५६ तासांचा दर लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं मोडून कपाटात जातं.

कोलॅबोरेशनकडे वळतो. ‘आपण एकत्र काम करू या’ हे वाक्य कोलॅबोरेशन नसतं. पहिल्यांदा विचारायचं की प्रश्न कोणाचा आहे. समोरच्याला फक्त त्याच्या सॅम्पलचा वर्णपट हवा असेल तर ती सेवा झाली. सेवा द्यायला हरकत नाही, पण तिची मुदत, सॅम्पलची संख्या आणि श्रेय त्या हिशोबानेच ठरावं. तुमच्या मोजमापाशिवाय प्रश्नच उभा राहत नसेल, आणि उत्तर काय येईल याची दोघांनाही उत्सुकता असेल, तर ते खरं सहकार्य. पुढची बहुतेक भांडणं एक बाजू याला सेवा समजते आणि दुसरी सहकार्य, यातून होतात.

सुरुवात लहान करा. तीन सॅम्पल, सहा आठवडे, शेवटी एक आलेख. एवढ्यात कळतं की समोरचा गट वेळेवर पाठवतो का, विचारलेल्याला उत्तर देतो का, नको असलेला निकाल आला तर कसा वागतो. सहा आठवड्यांत पहिला आलेख निघाला नाही तर दोन वर्षांचा प्रकल्प निघण्याची आशा धरू नका. तुमचं तिसरं, बोलण्यापुरतं असलेलं कोलॅबोरेशन या चाळणीतून घाला.

या चाचणीआधी दोन पानांचं टिपण लिहा. वकिली भाषा नको. प्रश्न एका वाक्यात. कोण काय करणार, नावानिशी. सॅम्पल किती आणि कधी. डेटा कुठे राहणार, कोणाला दिसणार. निकाल परिषदेत मांडायचा असेल तर कोणाची संमती लागेल. लेखकांचा नियम काय. आणि कोणत्या तारखेला थांबून पुढे जायचं की नाही ते ठरवायचं. ही शेवटची ओळ लोक हमखास गाळतात, आणि मग मेलेलं काम वर्षानुवर्षं दोघांच्याही यादीत ‘चालू’ म्हणून पडून राहतं. जैविक किंवा नवीन रासायनिक पदार्थ पाठवायचा असेल तर या टिपणाबरोबरच साहित्य हस्तांतरणाचा औपचारिक करार लागू शकतो. त्यावर सही विद्यापीठाची लागते, गाइडची चालत नाही. सह्यांना आठवडे जातात, कधी महिने. म्हणून तो कागद पहिल्या दिवशी पुढे सरकवायचा.

सॅम्पलच्या बाबतीत काही गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात अशा आहेत. लागतं त्याच्या दुप्पट मागवा आणि पाठवणाऱ्याने तेवढाच साठा स्वतःकडेही ठेवावा, म्हणजे शंका आली तर दोघांना एकच पदार्थ पुन्हा तपासता येतो. प्रत्येक संचात एक कोरा नमुना हवा: तोच द्रावक, तीच काचपट्टी, फक्त पदार्थ नाही. पार्श्वभूमीचा उजेड कुठून येतो ते त्याशिवाय कळत नाही. एक सॅम्पल दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवायला सांगा आणि मोजणाऱ्याला ते सांगू नका. दोन्ही वर्णपट जुळले नाहीत तर तुमच्या मोजमापाची खरी अनिश्चितता तिथेच उघडी पडते, आणि ती पेपर छापल्यानंतर पडण्यापेक्षा आता पडलेली बरी. कुपीवर मार्करने नाव लिहू नका, अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनचा एक थेंब लागला की ते पुसलं जातं. कागदी चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून वरून पारदर्शक टेप लावा. क्रमांकात तारीख, गटाची खूण आणि अनुक्रम असावा. ‘नवीन’, ‘चांगलं’, ‘शेवटचं’ असले शब्द नसावेत.

डेटाची गोष्ट त्याहून नाजूक आहे. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचून हातचं गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर आवेग पाउंड-बल सेकंदांत देत होतं, दुसरी बाजू तो न्यूटन सेकंद समजून वापरत होती. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या कामात वाकबगार होती. आकड्यापुढे एकक लिहिलेलं असावं एवढंच राहून गेलं. म्हणून प्रत्येक स्तंभाच्या मथळ्यात एकक हवंच. वर्णपटात तर तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये आहे की तरंगसंख्या (एका सेंटिमीटरमध्ये किती तरंग बसतात ती) आहे, तीव्रता उपकरणाच्या प्रतिसादासाठी दुरुस्त केली आहे की नाही, उपकरणात प्रकाश घेणारी फट किती नॅनोमीटरचा पट्टा आत सोडेल अशी ठेवली होती, हे फाइलमध्येच लिहा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. दशांशचिन्ह कोणतं तेही ठरवा, कारण काही देशांत टिंबाच्या जागी स्वल्पविराम वापरतात आणि सॉफ्टवेअर तो निमूटपणे चुकीचा वाचतं.

मूळ फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून कुलूपबंद ठेवा, सगळी प्रक्रिया प्रतीवर करा. आणि स्प्रेडशीटवर आंधळा विश्वास नको. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या परस्पर तारखा करून टाकायचं. ‘सेप्ट १’ हे जनुक, त्याची झाली १ सप्टेंबर. हा गोंधळ इतका पसरला की २०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. तुमच्या सॅम्पल-क्रमांकांचंही असं होऊ शकतं, तेव्हा क्रमांकाची सुरुवात अक्षराने करा, ते अक्षर एखाद्या महिन्याच्या नावासारखं दिसणार नाही एवढं पाहा, आणि देवाणघेवाण साध्या सीएसव्ही फाइलने (आकडे स्वल्पविरामांनी वेगळे केलेली मजकुराची फाइल) करा.

आता लेखकक्रम. वैद्यकीय नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष बहुतेक विषयांत कामाला येतात: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा बारकाईने तपासण्यात भाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. चारही पूर्ण असतील तर लेखक. कोणी काय केलं हे सांगायला क्रेडिट (CRediT) नावाची १४ भूमिकांची वर्गवारी आहे: संकल्पना, पद्धत, मोजमाप, विश्लेषण, सॉफ्टवेअर, पहिला मसुदा, देखरेख, निधी वगैरे. अनेक नियतकालिकं ती मागतातच. तिचा उपयोग पेपर पाठवताना फॉर्म भरण्यापुरता ठेवू नका. काम सुरू होताना चौदा ओळींचा तक्ता करा, प्रत्येकापुढे नाव लिहा. पहिला निकाल आल्यावर एकदा आणि पेपरचा सांगाडा ठरल्यावर एकदा तो पुन्हा उघडा. नावांचा क्रम सुरुवातीला ठरवता येत नाही, कारण काम कोणाच्या अंगावर पडेल ते माहीत नसतं. नियम मात्र ठरवता येतो. उदाहरणार्थ, पहिला मसुदा आणि मुख्य विश्लेषण ज्याचं त्याचं नाव पहिलं.

विषय बदलला की रीत बदलते, हे लक्षात असू द्या. प्रयोगशाळेच्या विज्ञानांत पहिल्या आणि शेवटच्या नावाला वजन असतं. गणितात नावं सहसा वर्णानुक्रमे येतात, तिथे पहिलं नाव असणं ही आडनावाची कृपा. कणभौतिकीत तर हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या एका पेपरला पाच हजारांहून जास्त लेखक होते. संगणकशास्त्रात परिषदेतला पेपर हाच मुख्य पेपर मानतात आणि तिची मुदत टळत नाही. रसायनवाल्यांना मुदतीचं एवढं काय, ते कळत नाही. दोन विषयांचे गट एकत्र येतात तेव्हा ‘तुमच्याकडे काय रीत आहे?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा.

तुमच्या दोन विद्यार्थ्यांबद्दल. नावावरची चर्चा बंद करा आणि तो चौदा ओळींचा तक्ता दोघांना वेगवेगळा भरायला द्या, स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठीही. बहुतेक ओळी जुळतील. जिथे जुळत नाहीत त्या दोन-तीन ओळींवरच बोलायचं आहे, आणि ते बोलणं नावावरच्या बोलण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. खरोखरच समसमान निघालं तर ‘दोघांचा समान वाटा’ अशी तळटीप बहुतेक नियतकालिकं छापतात. हे सगळं गाइडने करायचं असतं. विद्यार्थ्यांनी आपसात मिटवावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे, कारण दोघांचंही पुढचं पोट त्या नावावर अवलंबून आहे.

याच कारणासाठी एक पथ्य: कोणाही विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं एखादं प्रकरण दुसऱ्या गटाच्या सॅम्पलवर पूर्णपणे टांगलेलं नसावं. एका वेळी एका विद्यार्थ्याकडे एकच कोलॅबोरेशन, आणि ते बुडालं तरी प्रबंध उभा राहिला पाहिजे. तसंच दर पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाची बैठक पुरे, पण तिच्या शेवटी तीन रकाने भरलेच पाहिजेत: कोण, काय, कधीपर्यंत. हे लिहिण्याचं काम आळीपाळीने दोन्ही गटांनी करावं.

इथवरचं थोडक्यात: आधी दोन पानी टिपण, मग लहान चाचणी, एककांसकट डेटा, भूमिकांचा तक्ता तीनदा. आता हीच शिस्त शाळांच्या बाबतीत कशी लागते ते बघू.

आलेल्यांची संख्या म्हणजे यश नव्हे. हजार लोकांनी तुमचं उपकरण दुरून पाहिलं आणि ‘भारी आहे’ म्हणून पुढे गेले, तर त्यांच्या हाती काही लागलं नाही आणि तुमच्याही नाही. ‘लोकांना माहिती कमी आहे, आपण ती ओतायची’ ही समजूत फार जुनी आणि फार चिवट आहे. माणूस स्वतः काहीतरी बघतो, मोजतो, त्याचा अंदाज चुकतो, तेव्हा त्याला प्रश्न पडतो. माहिती त्यानंतर रुजते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होत आली आहेत. तिथे मायकेल फॅरेडे यांनी सहा व्याख्यानांची अख्खी माला एका मेणबत्तीभोवती गुंफली होती. महागडं उपकरण लागत नाही, एक वस्तू आणि तिच्याकडे पुरेसा वेळ लागतो.

तुमचा गट वर्णपटांचा, तर वस्तू तुमच्या हाताशीच आहे: सीडीचा तुकडा वापरून केलेला वर्णपटदर्शक. सीडीवरच्या खाचांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ६२५ रेषांची जाळी आयती मिळते. डीव्हीडीवर ते अंतर ०.७४ मायक्रोमीटर असतं. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा सीडीतून साधारण २० अंशांवर दिसते आणि डीव्हीडीतून ४७ अंशांच्या पुढे. यावरून निवड ठरते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सीडी द्या, कारण वर्णपट १५ ते २६ अंशांच्या पट्ट्यात येतो आणि चटकन सापडतो. डीव्हीडीत रंग खूप जास्त फाकतात, मोजमाप छान होतं, पण वर्णपट शोधायला सराव लागतो. ती मोठ्या मुलांसाठी. ब्लू-रे चकती घेऊ नका. तिच्या खाचा ०.३२ मायक्रोमीटरवर असतात, दिसणाऱ्या प्रकाशाच्या कुठल्याही तरंगलांबीपेक्षा जवळ, त्यामुळे समोरून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट तिच्यातून मिळतच नाही.

कृती अशी. वीस सेंटिमीटर लांबीचं पुठ्ठ्याचं खोकं, आतून काळ्या कागदाने मढवलेलं. सीडीच्या छापील बाजूला चिकटपट्टी घट्ट दाबून ओढली की चमकदार थर निघून येतो. आधी पात्याने एक चरा पाडला तर लवकर निघतो. डीव्हीडीचा चमकदार थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती कडेला पातं घालून उघडावी लागते, आणि कोरी असेल तर आतला रंग स्पिरिटने पुसावा लागतो. पारदर्शक चकतीचा दोन सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा बाहेरच्या कडेजवळून कापा, तिथे खाचा जवळजवळ सरळ असतात. तो खोक्याच्या एका टोकाला, दोन सेंटिमीटरच्या भोकावर लावा. भोक लहान ठेवलं तर तिरपा येणारा वर्णपट कडेला कापला जातो. समोरच्या टोकाला ०.२ मिलिमीटरची फट, दोन गुळगुळीत पत्त्यांच्या कडा समोरासमोर चिकटवून. कापण्याचं सगळं काम मोठ्यांनी आदल्या दिवशी संपवायचं आणि तुकडे गरजेपेक्षा वीस टक्के जास्त करून ठेवायचे. मुलं त्यांवर बोटं उमटवतात आणि ते धूसर होतात.

बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा ‘काहीच दिसत नाही’ अशी हाक येते, कारण मूल सरळ फटीकडे बघत असतं. नजर बाजूला वळवायला सांगायचं, वर्णपट काळ्या भिंतीवर दिसतो. फट आणि खाचा समांतर नसतील तर वर्णपट तिरका आणि अरुंद येतो. तुकडा थोडा फिरवून मगच टेप लावा. फट दीड-दोन मिलिमीटर झाली की रेषा जाड होऊन एकमेकींत मिसळतात. खोक्याच्या कोपऱ्यातून उजेड शिरला तर रंग फिके पडतात. आणि सूर्याकडे यातून कधीही बघायचं नाही. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे बघायचं. ही सूचना टेबलावर लिहून ठेवा आणि तोंडानेही सांगा.

तीस मुलं असतील तर सहा-सहांची पाच टेबलं, प्रत्येक टेबलाला तुमच्यातला एक. वेळ ३५ ते ४० मिनिटं. पहिली पाच मिनिटं काहीही समजावून सांगायचं नाही. तापणाऱ्या तारेचा दिवा, ट्यूबलाइट (एलईडीची नव्हे, जुनी पाऱ्याच्या वाफेची) आणि एलईडी असे तीन पांढरे दिवे ठेवा आणि जे दिसतं ते रंगीत पेन्सिलींनी काढायला सांगा. तारेच्या दिव्यात सलग पट्टा, ट्यूबलाइटमध्ये सुट्या ठळक रेषा, एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा उंचवटा आणि मग पसरट पिवळा भाग. डोळ्याला तिन्ही पांढरे दिसले होते. मग हे काय? हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला की तुमचं काम झालं. त्यानंतर तुमच्या लॅबमधल्या उपकरणाचं चित्र दाखवा आणि सांगा, आम्ही रोज हेच करतो, फक्त फट जास्त बारीक आहे आणि डोळ्याच्या जागी संवेदक आहे. तुमच्या संशोधनाचं यापेक्षा खरं स्पष्टीकरण मला सुचत नाही. मोठ्या मुलांना पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ या दोन रेषांवरून मोजपट्टी बनवायला लावा आणि अनोळखी रेषेची तरंगलांबी काढायला सांगा.

द्रव नायट्रोजनचा खेळ टाळा असं मी म्हणेन. तो उणे १९६ अंशांना उकळतो आणि एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो; बंद खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो, आणि मुलांच्या लक्षात धूर सोडून काही राहत नाही. लेझर वापरायचा तर दुसऱ्या सुरक्षा-वर्गाचा (क्लास २), एक मिलिवॅटच्या आतला. स्वस्त हिरव्या लेझरमधून अदृश्य अवरक्त किरणही निसटू शकतात, तुमच्याकडे मोजायची सोय आहे तर आधी मोजून पाहा. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत, आणि कोणाही मुलाबरोबर तुमच्यातला कोणी एकटा राहणार नाही, हे नियम सगळ्या स्वयंसेवकांना आधी वाचून दाखवा.

शाळेबरोबरही दोन पानी टिपण करा, खरं तर एक पान पुरतं. शिक्षकांना महिनाभर आधी विचारा: हा धडा कधी शिकवता, मुलं कुठे अडतात, खोलीत अंधार होतो का, प्लगच्या जागा किती? कार्यक्रम त्या आठवड्याला जोडा. साहित्याचा एक पूर्ण संच शाळेतच ठेवून या. त्या उरलेल्या १८० तासांतले बरेच तास मी शिक्षकांच्या दोन तासांच्या कार्यशाळांना देईन, कारण एक शिक्षक तो प्रयोग दर वर्षी नव्या वर्गाला दाखवू शकतो, आणि तिथे तुमचा एकही तास लागत नाही.

परिणाम बघायचा तर अभिप्रायाच्या फॉर्मवरचे हसरे चेहरे मोजू नका. कार्यक्रमाआधी एक चिठ्ठी: ‘या दिव्याचा प्रकाश फाकवला तर काय दिसेल, काढा.’ तीच चिठ्ठी तीन-चार आठवड्यांनी शिक्षकांकडून पुन्हा. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की काय टिकलं ते दिसतं. दहा जोड्या बघितल्या तरी पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळतं.

एक धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. खुल्या दिवशी भिंतीवर लावलेलं पोस्टर हेही जाहीर प्रकटन असतं. पेटंटचा अर्ज करण्याआधी नवी कल्पना जाहीर झाली तर युरोपात तिचं नावीन्य संपतं. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटनापासून एक वर्षाची सवलत मिळते. तेव्हा कोलॅबोरेशनमधला न छापलेला निकाल शाळेच्या मुलांपुढेही मांडायचा असेल तर समोरच्या गटाची लेखी संमती घ्या. टिपणात परिषदेबद्दल जी ओळ आहे तिच्यात ‘आणि जनतेसमोर’ एवढे शब्द वाढवले की झालं.

लोकांना प्रत्यक्ष संशोधनात घ्यायचा विचार पुढेमागे कराल म्हणून थोडं. जुलै २००७ मध्ये गॅलक्सी झू हा प्रकल्प सुरू झाला. स्लोअन या आकाशाच्या सर्वेक्षणातल्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांचे आकार लोकांनी ओळखायचे होते. पहिल्या वर्षात दीड लाखांच्या आसपास माणसांनी पाच कोटींहून जास्त वर्गीकरणं केली. हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला त्यातच एक अनोळखी हिरवट ढग सापडला, तो आज तिच्या नावाने ओळखला जातो. पण शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. घड्याळाच्या उलट दिशेने वळलेल्या दीर्घिका जास्त नोंदल्या जात होत्या. गटाने काही प्रतिमा आरशातल्यासारख्या उलटवून पुन्हा लोकांपुढे ठेवल्या, आणि हा कल आकाशात नसून बघणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे असं दिसलं. म्हणजे तुमचं दोन क्रमांकांचं एकच सॅम्पल आणि ही उलटवलेली प्रतिमा, दोन्हींमागची युक्ती एकच. असं काही करायचं झालं तर स्वतःचं ॲप बनवू नका, झूनिव्हर्ससारख्या तयार मंचावर करा, प्रत्येक प्रतिमा अनेकांना दाखवा, आणि निकाल लागल्यावर भाग घेतलेल्यांना तो सगळ्यात आधी कळवा.

विद्यार्थ्यांच्या तासांना नाव मिळालं पाहिजे. वर्षाच्या प्रगती अहवालात विज्ञानप्रसाराचे तास लिहा, शिफारसपत्रात त्याचा उल्लेख करा, आणि जबाबदारी दोघांकडे एका वर्षापुरती ठेवा, मग पुढचे दोघे. कायम एकाच उत्साही मुलीच्या किंवा मुलाच्या गळ्यात हे पडतं, आणि सगळ्यांत उशिरा प्रबंध त्याच व्यक्तीचा होतो.

राहिला तो पाच महिने गप्प असलेला गट. रागाचं पत्र नको, पण संदिग्धही नको. असं लिहा: ‘आम्ही पाठवलेली मोजमापं सोबत पुन्हा जोडली आहेत. यावर पुढे जायचं असेल तर २१ दिवसांत अर्ध्या तासाची बैठक ठरवू. तसं जमत नसेल तर हे काम आम्ही सध्या बंद झालं असं समजतो. उरलेली सॅम्पल परत पाठवायची की नष्ट करायची ते कळवा, आणि आमची मोजमापं तुम्ही पुढे वापरलीत तर ती मोजणाऱ्याचा वाटा कसा नोंदवायचा ते त्या वेळी आपण बोलू.’ हे पत्र गटप्रमुखाला आणि काम करणाऱ्या विद्यार्थ्याला, दोघांनाही पाठवा. अनेकदा अडलेलं पत्र प्रमुखाच्या पेटीत असतं आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही नसतो. दहा दिवसांनी एकदा आठवण करा. एकविसाव्या दिवशी उत्तर आलं नाही तर सॅम्पल लेबलांसकट सीलबंद करून कपाटात ठेवा, फाइलवर तारीख टाका, आणि त्या विद्यार्थ्याचे आठवड्याचे ते तास त्याला परत द्या.